नांगराखालचं पेव

लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात लाल्ला हलूमाने नव्या सुनेला दंडाला धरून रानात नेलं. ऊन डोक्यावर होतं. पुरुष काळ्या तंबूत लवंडले होते. सुनेचं नाव बख्ता.

"इथे उभी राहा," सासू म्हणाली. "समोर काय दिसतं?"

"डोंगर."

"डोंगर आंधळ्यालाही दिसतो. त्याच्या अलीकडे?"

"बुतुमचं झाड."

"झाडाच्या दुबेळक्यात काय अडकलंय?"

बख्ताने मान तिरकी केली. फांद्यांच्या बेचक्यात डोंगराचं टोक नेमकं बसलं होतं. सासूने तिला खांद्याला धरून वळवलं. या बाजूला रानबोरीच्या दोन जाळ्या होत्या. त्यांच्या मधल्या फटीतून ओढ्यापलीकडचा पांढरा खडक दिसत होता.

"आता पायाखाली बघ."

पायाखाली काही नव्हतं. तण, खडे, मेंढ्यांच्या लेंड्या.

"धान्याचं पेव आहे," हलूमा म्हणाली. "घरातल्या सगळ्यांच्या भाकरीवर उभी आहेस तू. खाली बघून ते कधीच सापडायचं नाही. झाडातून डोंगर बघायचा, जाळ्यांतून खडक. दोन्ही जुळले की बसायचं आणि खणायचं."

पेवावर खूण ठेवायची नाही, हा त्या जमातीचा रिवाज होता. हलूमाच्या आईच्या काळात फरासीस म्हणजे फ्रेंच फौज सेर्सूच्या पठारावर चढली, तेव्हा शिपाई बंदुकांचे गज जमिनीत खुपसत हिंडले होते. गजाच्या टोकाला धान्याचा वास आला की खणायचे. जिथे दगड रचलेला दिसे, तिथे सगळ्यात आधी. सापडलं ते घोड्यांना घातलं, उरलं ते पेटवलं. पुरुषांना झाडाला बांधून फटके मारले की ते बोलत. तेव्हापासून पेवाची जागा बायकांकडे आली. सासूने सुनेला दाखवायची. आणि कोणी विचारलं, तर नाही म्हणायचं.

"यांनी विचारलं तर?" बख्ताने विचारलं. हे म्हणजे जिलाली, तिचा नवरा.

"माझा मुलगा आहे, मला माहीत आहे तो. त्याला कळलं तर तो रोज मधल्या वेळेला उकरेल."

बख्ता खूप हसली. तेव्हा ती अजून हसायची.

वर्षाची घडी ठरलेली होती. पहिला पाऊस पडला की ओढ्याकाठच्या जमिनीत जव पेरायचं आणि मेंढ्या घेऊन दक्षिणेला निघायचं. अमूरचे डोंगर ओलांडले की थंडी मागे राही. तिथे लोकर द्यायची, खजूर घ्यायचे. ऊन तापलं की परत. तोवर जव पिवळं झालेलं असे. कापणी, मळणी, आणि मग रिकाम्या धसकटांवर मेंढ्या सोडायच्या. मेंढ्या पोटं भरत आणि जमीन खतावत. एक वर्ष जव घेतलेली पट्टी पुढच्या वर्षी पड राही. जमिनीलाही पाठ टेकायला हवी, असं म्हातारे म्हणत.

पेव भरायचं काम बायकांचं. आतून शेणामातीने लिंपायचं, काटक्या पेटवून शेकायचं, तळाला पेंढा आणि रानदवण्याच्या काड्या पसरायच्या, म्हणजे किडा लागत नाही. भरलं की तोंडावर चिकणमातीचं जाड झाकण. वर साधी माती. मग त्यावरून मेंढ्या हाकायच्या. संध्याकाळपर्यंत तिथे कधी काही झालं होतं असं कोणाला वाटत नसे.

एका दुष्काळात शेजारच्या तंबूंतली लेकरं गेली. बख्ताची मुलगी सेत्ती जगली, ती पेवावर. उघडल्यावर जव जसंच्या तसं होतं. हलूमाने मूठभर तोंडात टाकलं, डोळे मिटून चावलं आणि म्हणाली, "माझ्या लग्नातलं वाटतंय." पुढच्या हिवाळ्यात दक्षिणेत हलूमा वारली. जाताना तिने सुनेला जवळ बोलावून झाड, डोंगर, जाळ्या, खडक पुन्हा एकदा म्हणून घेतले.

सरकारी मोजणीदार आला तेव्हा तंबू गुंडाळायचे दिवस होते. त्या वर्षी पाऊस लांबला होता. पेरणी नव्हती, शिवाय ओढ्याकाठची ती पट्टी पड ठेवायची पाळी होती. उंट बसवलेले. बरोबर काइद होता, सरकारने जमातीवर नेमलेला मुखिया. त्याच्या लाल झग्याला बायका पाठीमागे झूल म्हणत.

"जिलाली," काइद घोड्यावरूनच म्हणाला, "साहेब विचारतायत, इथे तुझं काय आहे? घर, विहीर, कोठार? बांधलेलं, खणलेलं काही? असेल तर दाखव. कागदावर चढेल."

जिलालीने बायकोकडे पाहिलं. पेव आहे हे त्याला ठाऊक होतं. कुठे आहे ते नव्हतं. बख्ता उंटाच्या पोटाखालून दोर ओढत होती. मोजणीदाराच्या हातात लांब लोखंडी टोकाचा दांडा होता, जमिनीत रोवायचा. तो तिने पाहिला आणि तिला हलूमाने सांगितलेले शिपायांचे गज आठवले. तिने मान हलवली.

"काही नाही," जिलाली म्हणाला.

"नीट आठव. साहेब पुन्हा यायचे नाहीत."

"नाही म्हणतायत ना ते!" बख्ता उंटाआडून म्हणाली. "दगड आहेत. हवे तर न्या."

काइद हसला. मोजणीदाराने विचारलं, बाई काय म्हणाली. काइदने सांगितलं. तोही हसला आणि त्याने लिहून घेतलं.

त्या वेळी पेव तोंडापर्यंत भरलेलं होतं.

परतले तेव्हा कडक ऊन होतं. चढ संपला आणि सगळ्यात पुढे चालणारी खैरा थांबली. ती बख्ताची जाऊ, विधवा, त्यांच्याच तंबूत राहायची.

"वाट चुकलो आपण," ती म्हणाली.

चुकले नव्हते. डोंगर होता तिथेच होता. त्याच्या अलीकडे मात्र काही नव्हतं. बुतुमचं झाड नव्हतं. बोरीच्या जाळ्या मुळासकट उपटून जाळल्या होत्या, त्यांची राखसुद्धा नांगरात गेली होती. पांढरा खडक सुरुंगाने फोडून त्याचा दगड एका नव्या घराच्या भिंतीत बसवला होता. वेडावाकडा ओढा आता आखल्यासारखा सरळ होता आणि त्याच्या काठाने निलगिरीची रोपं उभी होती. बाकी नजर जाईल तिथवर गहू, आणि त्याभोवती तार.

बख्ता तारेशी उभी राहिली. डोंगराचं टोक तिला स्पष्ट दिसत होतं. पण ते बघायचं कशातून?

"कुठे गं?" जिलालीने हळूच विचारलं. लग्नानंतर पहिल्यांदाच.

तिने हात उचलला. थोडा डावीकडे नेला. थोडा उजवीकडे. मग खाली घेतला.

शेत मस्यू रिपोलचं होतं. समुद्रापलीकडच्या अलिकान्तेहून बायको, पोरं आणि एक खेचर घेऊन आलेला माणूस. सरकारने त्याला मोकळी जमीन दिली होती, त्याने ती मेहनतीने आणखी मोकळी केली. तो उजाडायच्या आत शेतात असे. त्याच्या हातांना भेगा होत्या. बुतुम तोडताना कुऱ्हाडीचा दांडा मोडला होता, तो तो पाहुण्यांना दाखवायचा.

काइदने जिलालीला ओढ्यावरच्या खडकाळ उतारावर तंबू ठोकायला परवानगी दिली, उपकार केल्यासारखी. गहू कापायला माणसं हवीच होती. बख्ता, जिलाली, खैरा विळे घेऊन तारेच्या आत गेले. रोजाने.

कापणी झाल्यावर बख्ताने सरवा वेचायची परवानगी मागितली. बायका वाकून लोंब्या वेचत. बख्ता वेचत नसे, चालत असे. अनवाणी. टाच दाबून. कुठे माती वेगळी लागते का, बघत. खैराने तिची टोपली पाहिली.

"दिवसभरात एवढंच? पाखरं जास्त नेतात."

"पायांना काही लागतंय का बघतेय."

"लागतंय की. धसकटं लागतायत. मलाही लागतायत, पण मी निदान लोंब्या तरी आणते."

मग जिलालीने कुठून तरी लोखंडी गज आणला. उन्हाच्या वेळी रिपोलच्या घराच्या खिडक्या बंद होत. तेव्हा दोघं शेतात जात. बख्ता उभी राहून आठवे, जिलाली खुपसे. गज ओढून तो टोक हुंगे. बख्ता हुंगे. माती. पुन्हा माती. शिपायांसारखेच दिसतो आपण, हे तिच्या मनात आलं आणि तिने ते नवऱ्याला सांगितलं नाही.

एकदा पाकोने पाहिलं. पाको रिपोलचा मुकादम.

"काय हरवलंय?"

"अंगठी," जिलाली म्हणाला.

"सोन्याची?"

"सोन्याची असती तर तुझ्या मालकाचा गहू कापला असता का मी?"

पाको मनापासून हसला. गज मात्र त्याने काढून घेतला. "हा राहू दे माझ्याकडे. अंगठी मिळाली की सांग, लग्नाला येतो."

जिलाली धीर धरून होता, की सरवा वेचून झाला की धसकटांवर मेंढ्या सोडता येतील, निवांत शोधता येईल. पण सरवा संपताच रिपोलने सहा खेचरं जुंपून तीच जमीन उभीआडवी नांगरली आणि उघडी टाकली. धसकट नाही, तण नाही, सावली नाही. ओल जमिनीत राहते म्हणे अशाने. मेंढ्या तारेशी उभ्या राहून आत बघत. ज्या आत शिरल्या, त्या रिपोलसारख्या नव्या शेतकऱ्यांच्या वसाहतीतल्या कोंडवाड्यात गेल्या.

आणि वारा सुटला. पठारावर वारा नेहमीचाच होता, पण पूर्वी त्याच्या हाती काही लागत नसे. आता तो उघड्या शेतातून तांबडी माती उचले आणि घेऊन जाई. दुपारी दिवा लावावा असा अंधार होई. भाकरीत माती, डोळ्यांत माती. दर वर्षी शेत थोडं खाली जात होतं. तारेचे खांब गाडले होते त्याहून उंच दिसू लागले. रिपोल ते पुन्हा ठोके.

अशी काही वर्षं गेली. मेंढ्या कमी होत गेल्या. दक्षिणेला जाणं चालू राहिलं, पण न्यायला लोकर नसे. उंट एकच उरला. घरात पेवावरून रोज वाद.

"रिपोललाच सांग सरळ," जिलाली म्हणाला. "अर्धं मागू."

"आणि कुठे आहे म्हणून सांगू? सगळं शेत खण म्हणू?"

"आईने मला दाखवलं असतं तर..."

"तर फटका पडायच्या आधीच बोलला असतात."

"बोललो असतो! बोललो असतो तर कागदावर चढलं असतं."

 बख्ता भांडी आपटत बाहेर गेली. घासायला त्यांत काही लागलेलंच नव्हतं.

पुढे सलग काही वर्षं पाऊस पडलाच नाही. शेवटच्या मेंढ्या उतारावरच मेल्या. माणसं रानातले कडू कंद उकरून, उकडून खाऊ लागली. सेत्ती मोठी झाली होती, पण अंगाने नव्हती. त्या वर्षी ते दक्षिणेला गेलेच नाहीत. रिपोलकडे नांगरामागून दगड वेचायचं काम होतं. तिघी बायका ते करायच्या, बख्ता, खैरा, सेत्ती.

सकाळची वेळ होती. नांगर त्यांच्या पुढे होता. अचानक मागच्या खेचराचा पाय जमिनीत गेला, मग दुसरा, मग मागचं अर्धं जनावर. खेचर ओरडलं. पाको शिव्या देत धावला. दोर कापले, माणसांनी ओढलं, पण पाय मोडून लोंबत होता. पाकोने बंदूक आणली.

आवाज विरला तेव्हा बख्ताला वास आला. जुन्या जवाचा. उबदार, जरासा आंबूस. तिच्या हातातले दगड खाली पडले.

वाऱ्याने वरची माती नेली होती आणि चिकणमातीचं झाकण नांगराच्या तासाखाली येऊन ठेपलं होतं. पहिल्या वर्षी तिने हात डावीकडे नेऊन दाखवली होती, ती जागा पेवापासून पाऊलभर दूरसुद्धा नव्हती. ती त्यावरून किती वेळा चालली असेल.

माणसं जमली. रिपोल आला. वसाहतीतल्या शाळेचे मास्तर आले. त्यांना जुन्या गोष्टींची आवड होती. त्यांनी वाकून भिंतीचं लिंपण बोटाने खरवडलं.

"रोमन," ते म्हणाले. "रोमन लोकांचं कोठार."

रिपोलने डोक्यावरची टोपी काढली. "यांचं नसेल कशावरून?"

"यांचं? ही तर फिरती माणसं. साठवायला एका जागी राहावं लागतं, मस्यू रिपोल."

बख्ता पुढे झाली. रिपोलला एव्हाना त्यांची भाषा मोडकीतोडकी येत होती.

"आमचं आहे," ती म्हणाली. "माझ्या सासूने लिंपलंय, मी लिंपलंय. तळाला पेंढा आहे, त्यात रानदवणा. काढून बघा."

मास्तरांनी विचारलं, ती काय म्हणते. पाकोने सांगितलं. मास्तर तिच्याकडे पाहून समजुतीने हसले.

रिपोल हसला नाही. त्याने काइदला बोलावणं पाठवलं. दुपारी काइद आला. तोही म्हातारा झाला होता, झूल विटली होती.

"बख्ता, माझ्यासमोर काय म्हणाली होतीस तू? दगड आहेत, न्या."

"म्हणाले होते."

"मग आता?"

"भीतीने म्हणाले होते."

"भीती कागदावर नाही ना चढलेली, बाई."

रिपोलने हात वर केला. तो शेतकरी होता, त्याला लांबण आवडत नसे. "मला भांडायचं नाही. तिचं असेल तर तिचं. पण मग माझं खेचर तिच्या खड्ड्यात पडलं. माझ्या शेतात खड्डा ठेवला आणि सांगितलं नाही. खेचर भरून द्यावं. आणि तिचं नसेल, तर प्रश्नच मिटला. जव माझं, खेचरही माझंच गेलं. मी कोणाकडे काही मागणार नाही. वर कामाला आहेत त्या सगळ्यांना आजच्या रोजाबरोबर थोडं थोडं जव देईन."

माणसांत कुजबुज झाली. न्याय बरा वाटला सगळ्यांना.

"ऐकलंस?" काइद म्हणाला. "बोल. तुझं की नाही?"

जिलाली तिच्या कानाशी लागला. "नाही म्हण. उंट जाईल. बख्ता, उंट जाईल आपला."

खैराने मागून तिला चिमटा काढला. "नाही म्हण गं बाई. मूठभर तर मूठभर. नाही म्हण."

बख्ता पेवाकडे बघत होती. कडेचं जव करडं पडलं होतं. आतलं तसंच होतं. नाही म्हणायला तिचं तोंड उघडलंही असेल. तेवढ्यात पलीकडून पाको ओरडला.

"ए! ए पोरी! चोरतेस काय? टाक ते!"

सेत्ती काठावर उकिडवी बसली होती. तिचे गाल भरलेले होते. ती चावत होती, ओरडल्यावरही चावत राहिली. पाकोने तिच्या मनगटावर चापट मारली. मुठीतलं जव मातीत सांडलं.

"माझं आहे," बख्ता म्हणाली. मोठ्याने. "पेव माझं आहे. माझी पोर स्वतःचं खातेय."

 जिलालीने उतारावर बांधलेल्या उंटाकडे पाहिलं.

काइदने डोळे मिटून घेतले, मग कामाला लागला. खेचराची किंमत ठरली. जुनं जव माणसांच्या खाण्याचं धरलं नाही, जनावरांच्या खाद्याच्या भावाने धरलं. सगळं पेव देऊनही पुरलं नाही. उरलं त्यात उंट गेला. दुसऱ्या दिवसापासून बख्ताला रिपोलच्या शेतात काम नव्हतं. सरळ वाटेने सांगितलं असतं तर, असं रिपोल बायकोला म्हणाला, आणि त्याला खरंच वाईट वाटलं होतं.

जव काढायला वसाहतीतली माणसं लावली. गाड्या भरून उतारावरूनच गेल्या, बख्ताच्या तंबूसमोरून, वसाहतीच्या टोकाला, जिथे डुकरं होती तिकडे. जिलाली आत तोंड फिरवून पडला होता.  खैरा दारात बसून सगळ्या गाड्या बघत होती.

"समाधान झालं?" ती म्हणाली. "उंट गेला. काम गेलं. तंबू कशावर लादणार आता, माझ्या पाठीवर?"

बख्ता शेवटच्या गाडीकडे बघत राहिली.

"तुला विचारतेय. काय पदरात पडलं?"

"बघितलंस तू?" बख्ता म्हणाली. "एवढ्या वर्षांनी उघडलं. एक किडा नव्हता."

"डुकरांना काय त्याचं!"

बख्ता उठली आणि मागे गेली. बराच वेळ आली नाही म्हणून खैराने सेत्तीला पाठवलं. ती तंबूचे खुंटे उपटत होती. तंबू आता कुठे हलवायचाच नव्हता; उतारावर दगडांच्या भिंती घालून त्यावर तंबूचं कापड टाकायचं तिने ठरवलं होतं. पुढे मरेपर्यंत ती त्याच भिंतींत राहिली.